आधी उदाहरण, मग मजकूर: लिबसोडियमच्या पायथन बाइंडिंगचं मराठी डॉक्युमेंटेशन

सांगलीत आणि आसपास छोटी सॉफ्टवेअरं लिहिणारे पुष्कळ जण आहेत. पतसंस्थेची खाती, दूध संकलन केंद्राची बिलं, मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे, अशी कामं एका-दोघांच्या बळावर उभी असतात. सभासदाचा आधार क्रमांक डेटाबेसात उघडा ठेवायचा नाही, हे या मंडळींना पटलेलं असतं. पण ते नीट करायचं कसं, हे त्यांच्या भाषेत कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी विश्रामबागेत बसून आम्ही पायनॅकलचं, म्हणजे लिबसोडियम या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या पायथन बाइंडिंगचं (सीमधली लायब्ररी पायथनमधून वापरता यावी म्हणून मधे बसवलेल्या जोडणीचं) डॉक्युमेंटेशन मराठीत लिहिलं. ते काम कोणत्या क्रमाने झालं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे मांडतो आहोत.

सगळ्या निर्णयांच्या मुळाशी एक गोष्ट होती. वाचणारा आधी उदाहरण उचलतो, चालवून बघतो आणि चाललं की तेच प्रोग्रॅममध्ये जातं. उदाहरणाखालचा परिच्छेद तो काही बिघडल्यावरच वाचतो. एरवी हे चालून जातं. एन्क्रिप्शनमध्ये मात्र बिघडलेलं दिसत नाही. नॉन्स, म्हणजे दर संदेशाला नवा घ्यायचा, एकदाच वापरायचा आकडा, चुकीचा वापरला तरी प्रोग्रॅम धावतो, मजकूर गिचमिड होतो, पुन्हा उघडतोसुद्धा. सुरक्षितता तेवढी गेलेली असते. म्हणून परिच्छेद कुणीच वाचणार नाही असं धरून उदाहरणं लिहायची, आणि ती पक्की झाल्यावर मजकुराला हात घालायचा, असं आम्ही ठरवलं.

तीन थर

लिबसोडियम २०१३ साली आली. तिचं मूळ डॅनियल बर्नस्टाइन, तान्या लांगे आणि पीटर श्वाबे यांच्या एनएसीएल या लायब्ररीत आहे. लिबसोडियमचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन उत्तम आहे, पण ते सी भाषा जाणणाऱ्यासाठी आहे: पॉइंटर द्या, लांबी द्या, शून्य परत आलं तर जमलं, उणे एक आलं तर नाही. पायनॅकलमध्ये त्यावर दोन थर येतात. पहिला सीएफएफआयमधून, म्हणजे पायथनमधून सी कोड बोलवण्याच्या सोयीतून, सीची फंक्शनं जवळपास जशीच्या तशी उघडतो. दुसऱ्यात सीक्रेटबॉक्स (एकाच गुप्त किल्लीने बंद करणं आणि उघडणं), बॉक्स (दोघांच्या किल्ल्यांच्या जोड्यांनी), सील्डबॉक्स (फक्त घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने), सायनिंगकी (सही करणं) असे क्लास आहेत.

एकाच कामाचे नियम या थरांमध्ये बदलतात. सीमध्ये आणि मधल्या थरात नॉन्स द्यावाच लागतो, वरच्या क्लासमध्ये तो दिला नाही तरी चालतो. सीमध्ये अपयश हा एक आकडा असतो, पायथनमध्ये एक्सेप्शन. सीमध्ये सोडियम-इनिट आधी बोलवावं लागतं, पायनॅकल ते इम्पोर्ट होतानाच उरकतं, त्यामुळे मराठी पानांत त्याचा उल्लेखच ठेवला नाही. सीच्या पानाचं नुसतं भाषांतर केलं असतं तर असल्या पुष्कळ ओळी विनाकारण आल्या असत्या, आणि हव्या त्या आल्या नसत्या.

म्हणून लिहिण्याआधी प्रत्येक फंक्शनसाठी तिन्ही थरांचा कोड उघडून एक तक्ता भरला. काय घेतं आणि कोणत्या प्रकारात, लांबी नेमकी किती, काय परत देतं, कोणतं एक्सेप्शन कधी येतं, आणि कशाची हमी देत नाही. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण तो कोडमध्ये लिहिलेला नसतो. सील्डबॉक्स पाठवणाऱ्याची ओळख पटवत नाही. सीक्रेटबॉक्स मजकुराची लांबी लपवत नाही. कालचाच संदेश कुणी आज पुन्हा पाठवला तर दोघांपैकी कुणीही ते ओळखत नाही. प्रत्येक पानाच्या वरच्या भागात, उदाहरणाला लागूनच, ही ओळ ठेवली.

लांबीचा रकाना कोरडा वाटतो, पण प्रत्यक्षात सगळ्यात जास्त उपयोग त्याचा होतो. सीक्रेटबॉक्सची किल्ली ३२ बाइट, नॉन्स २४ बाइट, पडताळणीचा टॅग १६ बाइट. म्हणजे कोणताही मजकूर ४० बाइटने वाढतो. आधारचे १२ अंक एन्क्रिप्ट केल्यावर ५२ बाइट होतात, ते साध्या अक्षरांत लिहिण्यासाठी बेस६४ केले की ७२ अक्षरं, हेक्स (दर बाइटला दोन अक्षरं) केले की १०४. डेटाबेसातला कॉलम ६४ अक्षरांचा असेल आणि माय-एसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद असेल, तर उरलेली अक्षरं नुसता इशारा देऊन कापली जातात. त्यातही पंचाईत अशी की ६४ ला चारने भाग जातो, त्यामुळे कापलेलं बेस६४ बिनतक्रार डीकोड होतं. चूक उघड होते ती थेट डिक्रिप्ट करताना, आणि तोवर कॉलममध्ये शेकडो नोंदी गेलेल्या असतात. म्हणून कॉलम किती रुंद हवा याचा हिशेब पहिल्याच पानावर, आधार क्रमांकाचंच उदाहरण घेऊन दिला आहे.

मराठी मजकुराची लांबी वेगळी सांगावी लागते. ‘हळद’ तीन अक्षरांचा शब्द आहे, पायथनच्या लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनलाही तीनच दिसतो, पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तो ९ बाइट होतो. ‘सांगली’ डोळ्यांना तीन अक्षरांचा, लेनला सहाचा, आणि बाइट मोजले तर १८ चा. एन्क्रिप्ट झाल्यावर ५८. नावाचा कॉलम आखताना हे धरलं नाही तर वरचीच कापाकापी होते.

किल्ली कुठून येते

पहिलं उदाहरण ठरवणं सगळ्यात अवघड गेलं. चिकटवताक्षणी चालेल असं उदाहरण हवं असतं. त्याचे दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही वाईट आहेत. किल्ली कोडमध्येच लिहून दाखवली तर तीच किल्ली लोकांच्या प्रोग्रॅममध्ये जाते. प्रत्येक वेळी नवी किल्ली तयार करून दाखवली तर उदाहरण सुरक्षित दिसतं, पण प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवला की आधी साठवलेलं काही उघडत नाही. मग वाचणारा वैतागून किल्ली कोडमध्येच लिहितो.

यावर उपाय म्हणून उदाहरणाचे दोन तुकडे केले. पहिली छोटी स्क्रिप्ट एकदाच चालवायची. ती नॅकल-यूटिल्सच्या रँडम फंक्शनकडून ३२ बाइट घेते आणि हेक्स करून एका फाइलमध्ये लिहिते. फाइल उघडतानाच परवानगी ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवते, आणि फाइल आधीपासून असेल तर थांबते. हे थांबणं महत्त्वाचं, नाहीतर कुणीतरी स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवतो आणि जुनी किल्ली पुसली जाते. दुसरा तुकडा ती फाइल वाचतो, कडेच्या मोकळ्या जागा आणि ओळ-तोड काढून टाकतो, आणि हेक्सएन्कोडर देऊन सीक्रेटबॉक्स उभा करतो. ओळ-तोड काढण्याचं कारण असं की एडिटरमध्ये फाइल उघडून सेव्ह केली की बहुधा शेवटी एक ओळ वाढते, आणि मग हेक्स उलगडत नाही. विंडोजवर ०६०० चा उपयोग होत नाही. तिथे फोल्डरच्या परवानग्या हाताने कशा लावायच्या ते वेगळं लिहिलं.

इथेच ठळक लिहिलेली एक गोष्ट म्हणजे सीक्रेटबॉक्स लांबी तपासतो, किल्लीचा दर्जा तपासत नाही. मोजून ३२ अक्षरांचा पासवर्ड दिला तर तो मुकाट्याने घेतो. १६ बाइटची किल्ली हेक्स केली की तीही ३२ अक्षरांची होते आणि एन्कोडर न सांगता दिली तरी खपून जाते. पायथनच्या रँडम मॉड्यूलमधून ३२ बाइट बनवले तरी तक्रार येत नाही. ते मॉड्यूल मर्सेन ट्विस्टरवर चालतं आणि ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती आले की पुढचे सगळे सांगता येतात. डॉक्युमेंटेशनमध्ये ‘रँडम’ हा शब्द जिथे जिथे आला तिथे कोणतं रँडम ते पूर्ण नावानिशी लिहिलं.

उदाहरणाच्या फाइलला काय नाव द्यायचं, हेही पानावर सांगावं लागतं. स्क्रिप्ट ‘नॅकल’ नावाने सेव्ह केली तर पायथन लायब्ररीऐवजी तीच फाइल इम्पोर्ट करायला जातो. ‘सीक्रेट्स’ आणि ‘रँडम’ या नावांचंही तेच. शिवाय पिपमध्ये, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पॅकेजचं नाव पायनॅकल, पण इम्पोर्ट करताना नुसतं नॅकल. नवख्याला इथे ठेच लागतेच.

नॉन्स

सबंध डॉक्युमेंटेशनमध्ये सगळ्यात जास्त वेळा पुन्हा लिहिलेलं पान हेच. उदाहरणात नॉन्स मुळीच दिसत नाही. एन्क्रिप्टला फक्त मजकूर द्यायचा. फंक्शन स्वतः २४ यादृच्छिक बाइट घेतं आणि सायफरटेक्स्टच्या, म्हणजे एन्क्रिप्ट झालेल्या मजकुराच्या, सुरुवातीला जोडून देतं. डिक्रिप्ट ते सुरुवातीचे २४ बाइट स्वतःच वेगळे काढतं. ज्याला याहून वेगळं काही करायचं आहे त्याच्यासाठी संदर्भ विभाग आहे. शिकवण्याच्या भागात नॉन्स हाताने देण्याचा मार्ग दाखवायचाच नाही, हा निर्णय आम्ही शेवटपर्यंत बदलला नाही.

कारण समजावताना आकडेमोड टाळली, पण काम कसं चालतं ते पूर्ण सांगितलं. सीक्रेटबॉक्समध्ये वापरलेला एक्ससालसा२० हा स्ट्रीम सायफर आहे. किल्ली आणि नॉन्स यांपासून तो बाइटांची एक लांबलचक माळ तयार करतो आणि मजकुराशी तिचं एक्सॉर करतो (बिटाबिटांची अशी जुळणी की तीच दोनदा केली की मूळ परत येतं). दोन नोंदींना तीच किल्ली आणि तोच नॉन्स असेल तर माळही तीच. मग दोन सायफरटेक्स्टांचं एक्सॉर केलं की माळ गळून पडते आणि दोन मूळ मजकुरांचं एक्सॉर हातात उरतं. आपल्याकडच्या नोंदी साच्यातल्या असतात. सौदापट्टीवर अडत्याचं नाव, लॉट, पोती, वजन, दर हे ठरल्या जागीच येतं. एका नोंदीतला मजकूर माहीत असला की दुसरीतला त्याच जागेचा मजकूर सरळ वाचता येतो. एवढ्यावर थांबत नाही. पडताळणीचा टॅग काढणाऱ्या पॉली१३०५ ची एकदाच वापरायची किल्लीही त्याच माळेच्या सुरुवातीतून येते. नॉन्स पुन्हा आला की ती किल्लीही पुन्हा वापरली जाते, आणि खोटी नोंद खरी म्हणून खपवण्याची वाट मोकळी होते.

असा पुन्हा येणारा नॉन्स प्रत्यक्षात कुठून येतो, हेही लिहिलं. टेस्ट करताना उत्तर दरवेळी सारखं यावं म्हणून कुणी २४ शून्यं देतो आणि ती तशीच राहतात. कुणी नोंदीचा क्रमांक नॉन्स म्हणून वापरतो, मग तीच नोंद दुरुस्त करून पुन्हा साठवतो. कुणी काउंटर ठेवतो. वीज जाऊन मशीन बंद पडलं, आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून सगळं परत उभं केलं, की काउंटर मागे जातो आणि दिवसभरात वापरलेले नॉन्स पुन्हा वापरले जातात. यादृच्छिक २४ बाइटना यातलं काही लागू होत नाही.

एईएस-जीसीएम ही दुसरी एन्क्रिप्शन पद्धत वापरून आलेल्यांसाठी एक परिच्छेद वेगळा आहे. तिथे नॉन्स सहसा १२ बाइटचा असतो. तो यादृच्छिक घेतला तर एका किल्लीवर २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी संदेश, ही मर्यादा पाळायची असते. २४ बाइटच्या नॉन्सला अशी हिशेबात धरण्याजोगी मर्यादा नाही. ही तुलना नसेल तर ते लोक जुन्या सवयीने काउंटर लिहितात.

आणखी एक खाच निव्वळ पायथनच्या थराची आहे. एन्क्रिप्ट जे परत देतं ते बाइट्सच असतं, पण त्याला नॉन्स आणि सायफरटेक्स्ट अशा दोन वेगळ्या ॲट्रिब्यूटही असतात. एडिटरमध्ये टिंब टाकल्यावर ‘सायफरटेक्स्ट’ हे नाव दिसतं, आणि साठवायचं ते हेच असणार असं कुणालाही वाटतं. ते साठवलं तर नॉन्स गेला, आणि २४ यादृच्छिक बाइट पुन्हा कुठून आणणार? नोंद कायमची गेली. उदाहरणात म्हणून परत आलेली वस्तू सबंध साठवली आहे, आणि लगेच खालच्या ओळीत ती डेटाबेसातून वाचून उघडून दाखवली आहे. एन्क्रिप्टचं उदाहरण डिक्रिप्टशिवाय कुठेही एकटं ठेवलं नाही.

पासवर्डमधला ऱ

पासवर्डपासून किल्ली बनवण्यासाठी पायनॅकलमध्ये आर्गॉन२आयडी ही पद्धत आहे. आर्गॉन२ ने २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची खुली स्पर्धा जिंकली. या पानावर तीन नेहमीच्या पातळ्यांसमोर मेमरी लिहिणं भाग आहे: इंटरॅक्टिव्हला ६४ एमबी, मॉडरेटला २५६ एमबी, सेन्सिटिव्हला १ जीबी. पातळीचं नुसतं नाव वाचून लोक ‘सेन्सिटिव्ह’ निवडतात, कारण माहिती संवेदनशील असते. मग १ जीबीच्या भाड्याच्या सर्व्हरवर ते चालत नाही. इंटरॅक्टिव्ह घेतलं तरी आठ जण एका वेळी लॉगिन झाले की ५१२ एमबी लागतात.

आर्गॉन२आयडीच्या स्ट्र आणि केडीएफ या दोन फंक्शनांतला फरकही इथेच सांगितला. लॉगिन तपासायला स्ट्र. त्यातून येणाऱ्या ओळीत सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळलेले यादृच्छिक बाइट) आणि पातळीचे आकडे आतच असतात. केडीएफ फक्त किल्लीचे बाइट देतं. सॉल्टचे १६ बाइट, ऑप्सलिमिट (किती गणित) आणि मेमलिमिट (किती मेमरी) आपण जपून ठेवायचे. तेही आकडे म्हणून. पातळीच्या नावामागचे आकडे पुढच्या आवृत्तीत बदलले तर नाव तेच राहील आणि किल्ली वेगळी येईल.

मूळ इंग्रजी पानांत नसलेला आणि मराठीसाठी अटळ असा भाग म्हणजे युनिकोड. केडीएफला बाइट लागतात, म्हणून पासवर्ड आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करायचा. आता पासवर्डमध्ये ‘वाऱ्यावर’ सारखा शब्द असेल तर? ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, स्वतंत्र कोडपॉइंट (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) यू+०९३१. दोन, साधा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता, म्हणजे यू+०९३० आणि यू+०९३सी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे, म्हणून किल्ली वेगळी. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर ठेवलेला पासवर्ड मोबाइलच्या कळफलकावरून चालत नाही, तो यामुळे. युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझ फंक्शनने एनएफसी केलं, म्हणजे मजकूर एका ठरलेल्या रूपात आणला, की हे दोन एक होतात.

पण एनएफसी पुरत नाही. तीच अक्षरं ‘र’, हलन्त, शून्य-रुंदी जोडक आणि ‘य’ अशीही टंकली जातात. जुन्या पद्धतीच्या टायपिंगमध्ये तसं सर्रास होतं. हा जोडक, यू+२००डी, एनएफसी काढून टाकत नाही, एनएफकेसीसुद्धा नाही, आणि जोडकवाला क्रम ‘ऱ’वाल्या क्रमाशी कोणत्याही नॉर्मलायझेशनने जुळत नाही. आम्ही उदाहरणात एक छोटं फंक्शन दिलं. ते आधी एनएफसी करतं, मग ‘र’, हलन्त, जोडक या क्रमाच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवतं, मग उरलेले यू+२००डी आणि यू+२००सी काढतं. त्यासोबत सूचना अशी की हे फंक्शन पहिल्या दिवशी ठरवा आणि नंतर त्याला हात लावू नका. पुढे बदललं की आधीच्या पासवर्डने बंद केलेल्या फाइली त्याच पासवर्डने उघडणार नाहीत.

चुकांचं पान

डिक्रिप्ट जमलं नाही की पायनॅकल क्रिप्टोएरर देतं, आणि संदेश एकच: पडताळणी झाली नाही. किल्ली चुकली, मजकूर कापला गेला, कुणी मध्ये बदल केला, बेस६४ उलगडायचं राहिलं, यातलं नेमकं काय झालं ते लायब्ररीला सांगता येत नाही. वाचणाऱ्याला मात्र तेच हवं असतं. म्हणून या पानावर तपासायचा क्रम दिला. आधी बाइट मोजा. ४० पेक्षा कमी असतील तर मजकूर कापला गेला आहे किंवा भलताच आहे. ४० पेक्षा बरेच जास्त असले पण सगळी अक्षरं वाचता येण्याजोगी असली, तर एन्कोडिंग उलगडलेलं नाही. मग मूळ लांबी अधिक ४० हा हिशेब जुळतो का पाहा. मग किल्लीचा ब्लेक२बी हॅश (ज्यावरून मूळ किल्ली काढता येत नाही असा ठसा) काढून त्याची पहिली काही अक्षरं दोन्ही मशीनवर ताडून पाहा. किल्ली स्वतः लॉगमध्ये छापू नका. फाइल वाचताना टेक्स्ट मोड राहिला असेल तर त्याआधीच युनिकोडडीकोडएरर येतो, तोही इथेच नोंदवला.

एक्सेप्शनांच्या वंशावळीचा तक्ता कोड वाचूनच बनवता आला. पायनॅकलचे स्वतःचे टाइपएरर आणि व्हॅल्यूएरर हे पायथनच्या नेहमीच्या एररांबरोबर क्रिप्टोएररचेही वारस आहेत. म्हणजे ‘क्रिप्टोएरर आला तर नोंद खराब समजा’ असा कोड लिहिला की किल्ली ३१ बाइटची दिल्याची चूकसुद्धा त्यातच गिळली जाते, आणि सगळा डेटाबेस खराब झाल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे: सीक्रेटबॉक्स उभा करण्याची ओळ ट्रायच्या बाहेर ठेवायची. सगळ्या उदाहरणांत ती तशीच आहे.

सहीच्या पानावर अशीच एक गोष्ट आहे. सायनिंगकी वापरते त्या ईडी२५५१९ पद्धतीची सही ६४ बाइटची. व्हेरिफाय फंक्शन खरं-खोटं असं उत्तर देत नाही. सही बरोबर असेल तर मूळ संदेश परत देतं, चूक असेल तर बॅडसिग्नेचरएरर. दुसऱ्या लायब्ररीची सवय असलेला माणूस ते ‘इफ’मध्ये टाकतो. बहुतेक वेळा चालतंही. संदेश रिकामा असेल तर मात्र रिकामे बाइट परत येतात, पायथन ते खोटं धरतो, आणि खरी सही नाकारली जाते.

सील्डबॉक्सबद्दल थोडक्यात: वाढ ४८ बाइटची, ३२ तात्पुरत्या सार्वजनिक किल्लीचे आणि १६ टॅगचे. पाठवणाऱ्यालाही स्वतः पाठवलेलं उघडता येत नाही, त्यामुळे प्रत ठेवायची असेल तर आधी ठेवा.

मेमरीबद्दल स्पष्ट लिहिलं. लिबसोडियममध्ये किल्ली मेमरीतून पुसण्याची सोय आहे, पण पायथनचे बाइट्स बदलता येत नाहीत आणि त्यांच्या प्रती कुठे कुठे होतात त्यावर आपला ताबा नसतो. डेल लिहिल्याने किल्ली पुसली जात नाही. ज्यांना ती हमी हवी आहे त्यांनी किल्ली हाताळणारा भाग पायथनमध्ये लिहू नये.

उदाहरणं रोज चालवून पाहणं

सगळं स्फिंक्समध्ये, म्हणजे डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिहिलं. त्याचं डॉक्टेस्ट एक्स्टेन्शन पानावरचं उदाहरण चालवतं आणि छापलेलं उत्तर ताडतं. इथे अडचण लगेच येते, कारण सायफरटेक्स्ट दरवेळी वेगळा येतो. उत्तर स्थिर करायला नॉन्स पक्का केला तर नको तेच पानावर येतं. म्हणून सायफरटेक्स्ट छापलाच नाही. प्रत्येक उदाहरणामागे ‘हाइड’ लावलेला, पानावर न दिसणारा एक टेस्टकोड ठेवला. त्यात चार गोष्टी तपासल्या जातात: उघडल्यावर मूळ मजकूर मिळतो, लांबी ४० नेच वाढते, तोच मजकूर दोनदा एन्क्रिप्ट केला तर निकाल वेगळे येतात, आणि मधला एक बिट उलटवला तर क्रिप्टोएरर येतोच. चौथी तपासणी सोडू नये. उदाहरणात कुणी घाईने एक्सेप्ट घालून ठेवलं तर ते पकडणारी तीच आहे.

बिल्ड करताना ऑटोडॉकचं (कोडमधून माहिती उचलणाऱ्या एक्स्टेन्शनचं) मॉक इम्पोर्ट, म्हणजे खऱ्या लायब्ररीच्या जागी नकली वस्तू ठेवण्याची सोय, वापरू नये. सी लायब्ररी न बसवता पानं तयार होतात खरी, पण की-साइझ, नॉन्स-साइझ या आकड्यांच्या जागी मॉक वस्तूंची नावं छापली जातात, आणि आकडे हाच तर या पानांचा जीव. इशाऱ्याला चूक मानणारा डॅश-डब्ल्यू पर्याय आणि न सापडलेले संदर्भ दाखवणारा निटपिकी पर्याय दोन्ही चालू ठेवले.

देवनागरीसाठी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं, शब्दातलं अक्षर ओळखणारं ‘डब्ल्यू’ हे चिन्ह काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर धरत नाही. स्फिंक्सची शोधसूची त्यावरच शब्द तोडते, त्यामुळे ‘किल्ली’ शोधलं तर तुकडे शोधले जातात. शोधाच्या भरवशावर न राहता महत्त्वाच्या प्रत्येक शब्दाची नोंद इंडेक्स डिरेक्टिव्हने हाताने केली आणि अनुक्रमणिकेचं पान मुखपृष्ठावरून जोडलं. दुसरी गोष्ट पीडीएफची. गावाकडे जाऊन सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला नेट मिळेलच असं नाही, म्हणून पीडीएफ हवीच. त्यासाठी पीडीएफ बनवणारं लॅटेक इंजिन झीलॅटेक ठेवायचं आणि फॉन्टला लिपी देवनागरी असल्याचं स्पष्ट सांगायचं. ते सांगितलं नाही तर फॉन्ट बरोबर असूनही जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात.

इन्स्टॉलेशनचं पान आम्ही शेवटी लिहिलं. बहुतेकांना पिपने तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) मिळतं आणि त्यात लिबसोडियम आतच असते. पण पिप जुनं असेल, लिनक्सवरच्या मॅनीलिनक्स२०१४ जातीच्या व्हीलसाठी १९.३ च्या आधीचं, तर त्याला ते व्हील ओळखताच येत नाही. तो सोर्स उतरवून कंपाइल करायला घेतो आणि सी कंपायलर नसल्याची लांबलचक चूक दाखवतो. खरं औषध पिप अपग्रेड करणं, पण चूक वाचून ते सुचत नाही. म्हणून पानाची पहिली ओळ तीच. व्हील नसलेल्या मशीनवर सी कंपायलर, मेक आणि पायथनची हेडरं लागतात. सिस्टीममधलीच लिबसोडियम वापरायची असेल तर सोडियम-इन्स्टॉल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘सिस्टम’ असं ठेवायचं.

पान झालं की ते पायनॅकल कधी न वापरलेल्या माणसासमोर ठेवायचं, आपण बाजूला गप्प बसायचं आणि तो कुठे थांबतो तेवढं टिपायचं. त्याने विचारलं तरी सांगायचं नाही, पानाकडे बोट दाखवायचं. तो थांबतो ती ओळ बदलायची, आणि बदललेलं पान दुसऱ्या नव्या माणसाला द्यायचं, त्यालाच परत नाही. यार्डातल्या दुकानांसाठी बिलिंग लिहिणाऱ्यांकडून आलेला सगळ्यात नेमका प्रश्न किल्ली बदलण्याबद्दलचा होता: कामावरचा माणूस सोडून गेला, किल्ली बदलली, मग जुन्या नोंदी कोणत्या किल्लीने उघडायच्या? सीक्रेटबॉक्सच्या निकालात किल्लीची काहीच खूण नसते. त्यासाठी एक पान वाढवलं. साठवताना सायफरटेक्स्टच्या आधी एक बाइट किल्लीच्या क्रमांकाचा ठेवायचा, वाचताना तो आधी काढून त्या क्रमांकाची किल्ली घ्यायची, आणि जुन्या नोंदी सवडीने नव्या किल्लीवर आणायच्या. त्या पानावर वाढ ४० ऐवजी ४१ बाइट लिहिली आहे आणि आधार क्रमांकाचा हिशेब पुन्हा मांडला आहे: ५३ बाइट, बेस६४ मध्ये ७२ अक्षरं. कॉलम तेवढाच पुरतो. डेटाबेसाचा बॅकअप आणि किल्ल्यांची फाइल एकाच पेनड्राइव्हवर ठेवायची नाही, ही ओळही त्याच पानावर, उदाहरणाच्या वर आहे.